तहानेचा मान

हिंगोली जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नगरकडची माणसं लगेच विचारतात, "औंढ्या नागनाथाला?" मग मी सांगते, नाही हो, उत्तम शुक्रवारच्या उपासनेला. त्यावर समोरच्याचा चेहरा असा होतो की पुढे बोलण्यात काही राम उरत नाही. म्हणून लिहूनच काढते आहे. ज्याला वाचायचं त्यानं सावकाश वाचावं.

जायची मला इच्छा नव्हती, हे आधीच सांगून टाकते. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून मी आमच्या चर्चच्या मंडळीची बिनपगारी उपदेशक झाले आहे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, आजारी पडले, पाठवा बाईंना. कुठल्या खेड्यात उपासना घ्यायला कोणी नाही, पाठवा बाईंना. बाईंच्या गुडघ्यांची चौकशी कोणी करत नाही. आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांपेक्षा जास्त मनच थकलं होतं. तीच वचनं, तेच दाखले, तेच ठरलेल्या जागी आवाज खाली आणणं. माझी वाक्यं मला पाठ झाली होती आणि ऐकणाऱ्यांनाही. प्रार्थनेत डोळे मिटले की गॅस बंद केला का, हे आठवायचं. देवावर राग नव्हता, भांडण नव्हतं. जुन्या शेजाऱ्याशी बोलायला विषय उरू नयेत, तसं झालं होतं.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस आम्ही उत्तम शुक्रवार म्हणून पाळतो. त्या दुपारी मोठी उपासना असते. क्रुसावरून त्यानं शेवटचे सात उद्गार काढले, त्या एकेकावर एकेक जण बोलतो. आमच्याकडे पाळकसाहेब आधीच्या आठवड्यात माणसं नेमतात, आणि ज्याला बोलायची हौस असते त्याला हमखास वगळतात. एवढंच मला ठाऊक होतं. कळमनुरीच्या पुढे एका लहान मंडळीनं "बाहेरचं कोणीतरी पाठवा" असा निरोप धाडला होता. बाहेरचंच का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बुधवार

कळमनुरीच्या स्टँडवर शिमोनकाका न्यायला आले होते. मंडळीचे मुख्य पंच. पांढऱ्या मिशा, डोक्याला उपरणं, हाताची बोटं पिवळीधमक. "सलाम, बाई," म्हणाले. "लय लांबून आलात. तकलीफ झाली आसंल."

तकलीफ पुढेच होती. गाडी म्हणजे हळदीच्या पोत्यांचा टेम्पो होता. मला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं आणि माझी बॅग मागे पोत्यांवर टाकली. बॅगेची चेन अर्धी उघडी होती, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

त्या दिवसांत तो सगळा मुलूख हळदीचा झालेला असतो. काळ्या रानातून हळद काढून झालेली, कढयांत शिजवून झालेली, आणि जिथे सपाट जागा दिसेल तिथे वाळत घातलेली. अंगणात, शाळेच्या मैदानात, रस्त्याच्या कडेनं. हवेला एक कच्चा, मातकट वास. आमच्याकडे हळद म्हणजे डब्यातली चमचाभर. इथे बायका ती खराट्यानं लोटत होत्या. गाईच्या पाठीवर पिवळं, पोरांच्या चड्डीवर पिवळं. ऊन एवढं होतं की बघतानाही डोळे किलकिले करावे लागत.

वाटेत शिमोनकाकांनी मला का बोलावलं ते सांगितलं. "आमच्याकडं उद्गार वाटून देत न्हाईत, बाई. ज्याचे त्याचे हायेत."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. जत्रेत नाही का, पालखीचा मान एका घराला, पहिल्या नारळाचा दुसऱ्या घराला? तसे यांच्या आज्या-पणज्यांनी सात उद्गार सात घरांना लावून दिले. बाप गेला की मुलगा, मुलगा नसला तर सून, पण मान त्याच घराचा. पहिला क्षमेचा, तिसरा आईचा, सहावा, सगळं पूर्ण झाल्याचा, खुद्द शिमोनकाकांच्या घराचा. दुसरा चोराचा. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला त्यानं स्वर्गाचं वचन दिलं, तो उद्गार. तो कोणालाच नको होता. त्या दिवशी बैठकीला जो उशिरा आला त्याच्या गळ्यात पडला. तेव्हापासून त्या घराला गावात "चोराकडचे" म्हणतात. सोयरीक जुळवायला गेले तरी आधी खुलासा करावा लागतो.

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

"अन् पाचवा तहानेचा," शिमोनकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला.

त्या मंडळीत शुक्रवारी सकाळपासून कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. पाचवा उद्गार, मरताना येशूला तहान लागली तो, सांगून झाला की तहानेच्या घरानं आपल्या घरचं पाणी आणून सगळ्यांना आपल्या हातानं पाजायचं. मग पुढचे दोन उद्गार. आमच्याकडेही उपास असतो, पण चहा उपासात धरत नाहीत आणि बाकाखाली बाटली ठेवलेली असते. हे मी शिमोनकाकांना सांगितलं नाही.

तहानेच्या घरातला शेवटचा पुरुष, दानिएल, आदल्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या थोडा आधी वारला. घरात बायको शेवंता तेवढी उरली. त्या वर्षी ती उपासनेला आलीच नाही. पाचवा उद्गार कोणी सांगितला नाही, पाणी कोणी दिलं नाही, ते द्यायला दुसरं कोणी धजेना, आणि एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडले. यंदा काय करायचं, ते ठरवायला बाहेरचं माणूस हवं होतं. म्हणजे उद्या काही वाईट झालं तर बोल त्याच्यावर. मी मनात पाळकसाहेबांची आठवण काढली, आणि ती प्रार्थनापूर्वक नव्हती.

"आन् तुमचा मुक्काम तिच्याकडंच ठेवलाय," शिमोनकाका म्हणाले. "बाईमाणसाला बरं पडंल."

शेवंता चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, कमी बोलणारी. माहेर पलीकडच्या तांड्यावरचं. हातावर गोंदण, कपाळ मोकळं. तिनं मला पाय धुवायला पाणी दिलं, सांडग्यांची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. भाकरी इतकी पातळ आणि मोठी की ताटाबाहेर लोंबत होती. मी तिसरी नको म्हटलं तर म्हणाली, "आमच्या तांड्यावर तीन भाकरी खात न्हाई त्याला पाव्हणा म्हणत न्हाईत, आजारी म्हणतात." मी तिसरी खाल्ली. जेवून मी जी आडवी झाले ती थेट सकाळी उठले.

गुरुवार

सकाळी बॅग उघडली. उत्तम शुक्रवारी नेसायची पांढरी साडी मधोमध पिवळी झाली होती. मी चिडून साबण लावला, तर पिवळ्याचं लाल झालं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मी मुलांना प्रयोग म्हणून शिकवलं आहे आणि स्वतः विसरले.

शेवंतानं साडी माझ्या हातातून घेतली. "नुसत्या पाण्यानं धुवा अन् उन्हात टाका. हळद उन्हाला भिते." दुपारपर्यंत डाग खरंच फिकट झाले, पण गेले नाहीत. उत्तम शुक्रवारी मी नवरीसारखी हळद लावून जाणार, असं म्हटल्यावर ती जरा हसली.

दुपारी पंच प्रार्थनाघरात बसले. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि एका कोपऱ्यात कोणाच्या तरी हळदीची पोती, कारण तेवढीच कोरडी जागा. शेवंता आत आली नाही, उंबऱ्याशी बसली.

शिमोनकाका म्हणाले, "पोरी, सरळ इचारतो. उद्या तू उभी राहणार का?"

"न्हाई जमायचं, काका."

"मग मान दुसऱ्या घराला द्यावा लागंल. आमच्याकडं बोअर हाय, पाण्याची सोय हाय. आमी घेऊ. पर तुझ्या तोंडून व्हय यायला पायजे."

चोराकडची रत्नामाय तिथेच होती, सत्तरीची, दात पडलेले पण जीभ शाबूत. ती शिमोनकाकांवर खेकसली, "तुमच्या घराला एक उद्गार पुरंना का? ती तांड्यावरची लेक. नवरा गेला, लेकरू न्हाई. ह्या गावात तिचं हाय काय? तो एक मानच हाय. तो काढून घेतला की ती कोण?"

"मंग ती उभी का राहीना?" शिमोनकाकांनीही आवाज चढवला. "मला काय हौस हाय व्हय? गेल्या साली माणूस मेलं असतं तहानेनं."

दोघांचंही खरं होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला घाम येत होता, गुडघे ठणकत होते, आणि कुठेतरी पाठ टेकायला मिळावी एवढीच इच्छा होती. शिमोनकाकांनीच तोड सुचवली: यंदा पाचवा उद्गार पाहुण्या बाईंनी सांगावा, पाणी त्यांच्या घरून येईल, आणि मानाचं पुढं बघू. मी हो म्हणून टाकलं. तहानेवर माझं एक भाषण तयार होतंच, कितीतरी गावांत दिलेलं.

सगळ्यांना माहीत होतं की ‘पुढं बघू’ म्हणजे मान गेला. शेवंतालाही.

ऊन कलल्यावर ती ओट्यावर वाळलेली हळद निवडत बसली होती. मी शेजारी बसले. निवडता निवडता तिनं विचारलं, "बाई, त्याला पाणी भेटलं का शेवटी?"

"कोणाला?"

"येशूला. तहान लागली म्हणला ना तो. मंग भेटलं का?"

"आंब दिली," मी सांगितलं. "आंबलेला द्राक्षारस. बोळा भिजवून, काठीला लावून तोंडाशी धरला."

"पाणी न्हाई?"

"नाही."

तिनं एक हळकुंड बाजूला टाकलं. "तिथं त्याची माय उभी व्हती ना? तिसऱ्या उद्गारात हाय. मंग तिनं काहून न्हाई दिलं?"

"शिपाई होते. तिला जवळ कोण जाऊ देणार?"

"म्हंजे ऐकत उभी राहिली."

"हो."

मग तिनं सांगितलं. दानिएलच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नांदेडला नेऊन रक्त धुऊन आणायचे. डॉक्टरनं बजावलं होतं, पाणी मोजून द्या, जास्त झालं तर छातीत चढेल. ती मोजून द्यायची. उन्हाळा होता. तो मागायचा, ती तांब्या उचलून फळीवर ठेवायची, त्याचा हात पोचणार नाही असा. शेवटच्या दिवशीही त्यानं मागितलं, तिनं नाही म्हटलं. संध्याकाळी तो गेला.

"तू बरोबरच केलंस," मी म्हणाले.

"बराबरच केलं. समदे तेच म्हणतात." ती निवडत राहिली. "आन् उद्या मी समद्या गावाला पाणी पाजू? ज्यानं मागितलं त्याला दिलं न्हाई, आन् ह्यांना पाजू?"

शास्त्रावर मी आयुष्यभर बोलत आले आहे. सांत्वनाची वचनं माझ्या जिभेवर असतात. त्यातलं एकही मला उच्चारावंसं वाटलं नाही. मला तिची दया आली, आणि थोडा रागही आला, की हे माझ्यापाशी का आणून ठेवलं. मी पण थकलेलीच आहे ना. शेवटी मी तिच्याबरोबर हळद निवडत बसले. बोटं पिवळी झाली तेवढीच.

शुक्रवार

सकाळी उठले तर शेवंता घरात नव्हती. दार नुसतं ओढून घेतलेलं. रानात गेली असेल, उपासनेला येणारच नसेल, असं मला वाटलं आणि मी एकटीच निघाले. तोंड धुताना चूळ भरली आणि पाणी थुंकून टाकलं. न पिण्याचं ठरवलं की तहान लगेच लागते.

प्रार्थनाघर भरलं होतं. सगळे पांढऱ्यात, आणि माझ्या एकटीच्याच नव्हे, बहुतेकांच्या पांढऱ्यावर कुठे ना कुठे पिवळं होतंच. मला बरं वाटलं. कोपऱ्यात शिमोनकाकांच्या सुनेनं बोअरच्या पाण्याच्या कळश्या आणून झाकून ठेवल्या होत्या. पहिल्या गीतातच वीज गेली. पंखा थांबला आणि पत्रा तापू लागला.

क्षमेच्या घरातला माणूस वाचून दाखवावं तसं बोलला. मग रत्नामाय उठली. "मला चोराकडची म्हणता," ती म्हणाली. "म्हणा. पर येशूसंगं स्वर्गात पयला कोण गेला? पेत्र गेला का? योहान गेला का? आमचाच माणूस गेला. तवा जरा इज्जतीनं बोलत जा." मंडळी हसली. दरवर्षी ती हेच बोलते म्हणे आणि दरवर्षी हसतात. आईचा उद्गार झाला. चौथा, देवानं टाकून दिल्याचा, ज्या घराचा आहे त्या घराला गावात कुलूप आहे. त्या घरचा मुलगा पुण्यात कारखान्यात कामाला असतो आणि एवढ्या एका दिवसासाठी येतो. तो फार बोलला नाही. "घर बघून आलो," म्हणाला, "अंगणात बाभळी उगवल्यात." आणि उद्गार वाचून बसला.

माझी पाळी आली. जीभ टाळ्याला चिकटली होती. मी उठले, शास्त्र उघडलं, आणि माझं तयार भाषण सुरू करणार तेवढ्यात मागे हालचाल झाली. शेवंता दारात उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "बसा तुमी. तहानेच्या घरचं माणूस हाय."

मी बसले. इतक्या आनंदानं मी आजवर कुठल्या व्यासपीठावरून खाली बसलेली नाही.

ती पुढे आली नाही. दाराशी उभी राहूनच बोलली, कोणाकडे न बघता. "माझा माणूस पाणी मागत व्हता. अजून दे म्हणायचा. घोटभर अजून दे, शेवंते. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी दिलं न्हाई. शेवटच्या दिवशीबी दिलं न्हाई. म्हणून मी गेल्या साली आले न्हाई. येशूलाबी कुणी दिलं न्हाई. त्याची माय ऐकत उभी व्हती." तिनं दाराची चौकट धरली. "तिला कसं झालं आसंल ते मला ठावं हाय. बाकी मला शास्त्रातलं काय कळत न्हाई. पाणी आणलंय."

दाराबाहेर सावलीत ओल्या फडक्यानं झाकलेल्या दोन घागरी होत्या. पहाटेच आडावरून भरून आणलेल्या. तिनं एक घागर आत घेतली, पितळी गडवा बुडवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आम्ही ओंजळी धरल्या. मी पाणी प्यायले. त्या पाण्याला आडाची चव होती, किंचित खारट. शेवंता पुढे गेली. गिळण्याचे आवाज येत होते.

शिमोनकाकांनी ओंजळ धरली. ते प्यायले, मिशा पुसल्या. ती पुढे सरकू लागली तर त्यांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.

"अजून दे," ते म्हणाले.

तिनं ओतलं. ते प्यायले. पुन्हा ओंजळ.

"अजून दे, पोरी."

शेवंता त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं गडवा काठोकाठ भरला आणि ओतत राहिली. पाणी त्यांच्या ओंजळीतून, मनगटांवरून सदऱ्यावर वाहू लागलं, तरी ते हात काढीनात. शेजारी रत्नामाय होती. ती दोनदा प्यायली आणि बोळक्या तोंडानं म्हणाली, "मलाबी अजून दे." मग पुण्याचा मुलगा. मग क्षमेच्या घरचे. ज्यांचं पिऊन झालं होतं त्यांनीही परत हात पुढे केले. मी केले. पोटात जागा नव्हती, तरी अजून दे म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मंडळीपुढे मी कधी रडलेली नाही. त्या वेळी लाज वाटली नाही. कितीतरी दिवसांनी मी प्रार्थना करत होते, आणि ती एवढीच होती. शेवंता ह्या ओळीतून त्या ओळीत जात होती, पदरानं डोळे पुसत होती, मागेल त्याला देत होती, कोणालाही नाही म्हणत नव्हती.

दुसरी घागरही संपली. गडवा तळाला घासला. मागच्या ओळीतल्या एका म्हातारीनं अजून हात पुढे धरलेला होता.

कोपऱ्यात शिमोनकाकांच्या घरच्या कळश्या भरलेल्या होत्या. तिकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. शेवंतानं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि "आलेच" म्हणून भर उन्हात आडाकडे निघाली.

आता सहावा उद्गार होता. पुण्याच्या मुलाला संध्याकाळची गाडी पकडायची होती. तो हळूच म्हणाला, "काका, उशीर होतोय. तुमी सुरू करता का?"

शिमोनकाका भिजलेल्या सदऱ्यानं मांडी घालून बसले होते. ते हलले नाहीत.

"येऊ दे तिला," ते म्हणाले. "तहान हाय अजून."